एस्टीमला टर्बो, दीड लाखाच्या आतबाहेर

६ ऑक्टोबर २०२४

गाडी आली. २००३ची मारुती एस्टीम, पांढरी, १ लाख १२ हजार किलोमीटर. आजऱ्याहून टोचन करून कोल्हापुरात आणली. मामांच्या शेजाऱ्यांकडे दोन पावसाळे उभी होती, पुढच्या सीटवर मांजरानं संसार थाटलेला. २८,००० रुपये मोजले. मामा म्हणाले, "भंगारवाला बावीस देत होता, तू सहा वर कशाला दिलेस?" मी चहा पीत राहिलो.

या गाडीला टर्बो बसवायचा आहे: एक्झॉस्टच्या धुरानं टर्बाइन फिरते, तिच्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर इंजिनात जास्तीची हवा दाबतो, आणि त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. ठरवलेल्या गोष्टी इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच दाखवता येतील. एकूण खर्च दीड लाख, गाडी धरून. आरसी रद्द करून घेतली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या तपशिलात असा बदल करून गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. ही गाडी बंद आवारात आणि डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजायचं यंत्र) चालेल, पुढेमागे एखाद्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानातल्या शर्यतीला. बाकी प्रवास दुसऱ्या गाडीच्या पाठीवर.

एस्टीमच का? आत जी१३बीबी इंजिन आहे. १,२९८ सीसी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५, सोळा व्हॉल्व्ह, नवी असताना ८५ हॉर्सपॉवर. हेच इंजिन जिप्सीतही होतं, त्यामुळे पार्ट तालुक्याच्या गावातसुद्धा मिळतो. आणि या इंजिनाच्या काळजीत पडलेला मेस्त्री आजवर मी पाहिलेला नाही.

९ ऑक्टोबर

कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते मोजलं. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, बॅटरी चार्ज करून. १६८, १७०, १४२, १७२ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर तेल सोडलं आणि परत घेतलं: १६३. तेलानं रिंगांची फट भरली आणि दाब वाढला, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, रिंगा गेलेल्या. इंजिन खोलणं आलं.

१२ ऑक्टोबर

दसरा. पान्यांना, मायक्रोमीटरला हळदकुंकू. काम बंद.

२० ऑक्टोबर

इंजिन खाली. मी दिवसा फाउंड्रीत क्वालिटीला असतो, त्यामुळे बोअर गेज आणि मायक्रोमीटर घरात आहेत, ते वापरायची सवयही आहे. तिसऱ्या बोअरची झीज होनिंगमध्ये, म्हणजे आतून बारीक घासण्यात, निघून जाईल इतकीच आहे, बोअर वाढवायची गरज नाही. क्रँक गोल आहे. पिस्टनच्या स्कर्टवर ओरखडे आहेत पण नखाला लागत नाहीत. पिस्टन तेच राहणार.

मग कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबायचं याचा वाद. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मेस्त्री चाळीस वर्षं लेथवर आणि हेडवर आहेत. त्यांचा सल्ला सरळ: "टर्बो लावतोयस न्हवं? मग हेडखाली दोन पॅकिंग टाक. कॉम्प्रेशन उतरतंय, काम संपलं." हा सल्ला आपल्याकडे इतका जुना आहे की तो चुकीचा आहे असं म्हणताना मलाच अवघड वाटलं. म्हणून त्यांच्याच फळ्यावर खडूनं हिशेब मांडला.

एका सिलिंडरचा व्हॉल्यूम ३२४.७ सीसी. रेशो ९.५ आहे, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ३८.२ सीसी. रेशो ८.५ करायचा तर ४३.३ लागते. ५.१ सीसी जास्त. पॅकिंगचं भोक ७५ मिमी धरलं तर एक मिलिमीटर जाडीला ४.४ सीसी मिळतात. म्हणजे हेड जवळजवळ १.१५ मिमी वर उचलायचं. पिस्टनचा सपाट काठ आणि हेडचा सपाट भाग जवळ येतात तेव्हा मधलं मिश्रण जोरात आत ढकललं जातं, घुसळलं जातं आणि पटकन जळतं. ते अंतर एवढं वाढलं की घुसळण गेली. कडेला राहिलेलं मिश्रण उशिरापर्यंत तापत बसतं आणि नॉकिंग, म्हणजे ज्वाळा पोहोचायच्या आधीच मिश्रण आपोआप भडकणं, तिथूनच सुरू होतं. नॉकिंग टाळायला केलेला उपाय नॉकिंगच देतो. वर दोन पॅकिंगांमधून पाणी झिरपायची भीती वेगळी.

मेस्त्रींनी फळा बराच वेळ बघितला. "मग बूस्टच कमी दे की," म्हणाले.

तेच करणार आहे. ९.५ राहू दे, बूस्ट ०.५ बारच्या वर जाणार नाही. फोर्ज्ड, म्हणजे जास्त मजबूत घडीव पिस्टनचे पैसे वाचले. ते चारही पिस्टन आणून बसवायचे तर अर्धं बजेट तिथेच संपलं असतं.

१७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर मुंबई. टर्बो शोधत कुर्ल्याला सीएसटी रोडवर सकाळी दहा ते दुपारी तीन पायपीट.

डिझेल गाड्यांचे टर्बो ढिगानं पडलेत. तेराशे सीसी डिझेलचा केपी३५ तर चार हजारांत देत होते. मोह झाला. पण दोन गोष्टी आड येतात. एक, तो आमच्या इंजिनाला लहान पडतो, वरच्या आरपीएमला एक्झॉस्टचा गळा आवळणार. दुसरी आणि मोठी, डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो. पूर्ण लोडवर पेट्रोलचा धूर ८५०, ९०० अंशांच्या घरात जातो, आणि डिझेलसाठी घडवलेली टर्बाइन हाउसिंग रोज तेवढं सोसायला बनवलेली नसते. डिझेल टर्बो लावून पेट्रोल गाड्या पळवणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही.

शेवटी ऑक्टेव्हिया आरएसच्या १.८ टर्बो पेट्रोलचा के०३ सापडला. पाण्यानं थंड होणारा, वेस्टगेट (बूस्ट वाढू नये म्हणून जादा धूर बाजूला सोडणारी झडप) आतच. शाफ्ट पुढेमागे हलवून पाहिला: काही नाही. वरखाली किंचित हलतो, तेवढं चालतं, तेलाची फिल्म ती जागा भरते. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा शाबूत. १४ हजारांवरून ९ वर आला, मीही एकदा दुकानातून उठून बाहेर जाऊन आलो. पुण्यात रिपेअर किट आणि बॅलन्सिंगला ७,५०० लागले. टर्बोचा विषय १६,५०० मध्ये मिटला.

२४ नोव्हेंबर

कागदकाम. सहा हजार आरपीएमला इंजिन मिनिटाला तीन हजार वेळा आपलं १.२९८ लिटरचं पोट भरतं, तेही ८५ टक्केच. ३,३१० लिटर हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर वर, इथला हवेचा दाब ०.९४५ बारच्या आसपास. ३५ अंशांच्या दुपारी ही हवा वजनात साडेतीन किलो भरते.

०.५ बार बूस्ट म्हणजे दाब १.५३ पट. दाबली की हवा तापते: कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर ३५ अंशांची हवा ९२ अंश होऊन बाहेर पडते. साध्या इंटरकूलरनं, म्हणजे या हवेच्या रेडिएटरनं, ती ५५ पर्यंत खाली येईल. पाइपातला तोटा वजा जाता मिनिटाला पाच किलोच्या जरा आत. किलोला बावीस हॉर्सपॉवर हा ढोबळ नियम. म्हणजे ११०, क्रँकवर. चाकांवर ९३ च्या आसपास.

पेट्रोल: ताशी हॉर्सपॉवरला ०.२७ किलो धरलं तर ३० किलो, म्हणजे तासाला ४० लिटर. एका इंजेक्टरला मिनिटाला १६७ सीसी. तो ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून २०९ सीसी. २४० सीसीचे जुने चार घेतले, अल्ट्रासॉनिक मशीनवर धुऊन प्रवाह तपासून घेतला. चौघांत तीन टक्क्यांचा फरक, चालेल. एकूण ३,६००. गाडीचा पेट्रोल पंप तीन बारवर मिनिटाला १.३ लिटर देतो, लागतं ०.६७. तोच ठेवला. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र सगळे बदलले. आता पंपावर ई२० मिळतं आणि २००३चं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नाही.

१५ डिसेंबर

ब्लॉक होनिंग होऊन आला. गळीत हंगामामुळे उद्यमनगरात सगळीकडे ऊस-ट्रॉल्यांचे हब आणि एक्सल पडलेत, माझ्या चार बोअरना तीन आठवडे थांबावं लागलं.

रिंगांचं तोंड फाइलनं वाढवलं. टर्बोत रिंग जास्त तापते, फुगते. तोंडाला तोंड भिडलं की पिस्टनचा काठ फुटतो. वरच्या रिंगला ०.४० मिमी, दुसरीला ०.४५. रिंग बोअरमध्ये पिस्टननं सरळ ढकलायची, फिलर घालायचा, काढायची, फाइलचे दोन हात मारायचे, परत. आठ रिंगांना एक रविवार. बायको म्हणाली, एवढ्या वेळात पुरणपोळ्यांचा घाणा निघाला असता. निघाला असता.

नवीन बेअरिंगं, क्लिअरन्स प्लास्टिगेजवर ०.०३५ मिमी. रॉडचे बोल्ट नवे. ऑइल पंप नवा. व्हॉल्व्ह सील नवे. हेड फेसिंग फक्त सपाट होईपर्यंत. हेड पॅकिंग कंपनीचं, एकच. मेस्त्रींनी मोजून पाहिलं.

इंजिनाचं सगळं मिळून २४,०००.

५ जानेवारी २०२५

मॅनिफोल्ड. एस्टीमला एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरच्या बाजूला. टर्बो तिथेच लटकणार, म्हणजे रेडिएटरचा पंखा जाणार. त्याजागी पातळ पंखा पुढून.

बाजारात मिळणारे स्टीलचे नागमोडी मॅनिफोल्ड दिसायला देखणे असतात आणि वर्षभरात तडकतात. मी वाफेच्या लाइनीला वापरतात ते शेड्यूल ४० चे सव्वा इंची वेल्डिंग बेंड घेतले, आतला व्यास ३५ मिमी, भिंत साडेतीन मिमी. एका आडव्या नळीला चार पाय, अगदी साधं. फ्लँज १२ मिमी प्लेटमधून लेझरनं कापून घेतले. टर्बोच्या फ्लँजचा साचा आधी पुठ्ठ्यावर, मग पत्र्यावर, मग लेझरवाल्याकडे.

वेल्डिंग करताना फ्लँज भंगारातल्या हेडला करकचून आवळून ठेवलेला. आर्गॉनवाला चांगला हाताचा, एका जागी दोन इंचांच्या वर टाका मारत नव्हता. तरीही सोडल्यावर फ्लँज ०.६ मिमी वाकला. सरफेस ग्राइंडरवर सपाट. डाउनपाइप धरून ८,२००.

१९ जानेवारी

टर्बोचं तेल. ऑइल प्रेशर स्विचच्या जागेवर टी लावून फीड घेतला. परतीसाठी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला १२ मिमीची नळी वेल्ड केली. जागा अडचणीची, नळी स्टॅबिलायझर रॉडला वळसा घालून गेली. बसली एकदाची.

(नंतरची भर: बसली म्हणे.)

२ फेब्रुवारी

इंटरकूलर एका डिझेल एसयूव्हीचा, जुना, २,५००. पाण्याच्या पिंपात बुडवून हवा भरून बघितला, बुडबुडे नाहीत. ५० मिमीचे पाइप, सिलिकॉन होज, क्लँप: सगळं मिळून ७,४००. पाइपांच्या टोकांना लेथवर कडा उठवून घेतल्या, नाहीतर बूस्टला होज उडून जातो.

९ मार्च

महिनाभर वायरिंग. नोंद करण्यासारखं एवढंच की कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, काढला आणि स्पीड्युइनो बसवला. आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा, आराखडा आणि प्रोग्रॅम सगळ्यांना खुला. मावसभाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, बोर्डाचं डाग लावायचं काम त्यानं केलं आणि त्याबद्दल दोन वेळा तांबडा-पांढरा वसूल केला.

डिस्ट्रिब्यूटरला रजा. क्रँक पुलीवर ३६ दात्यांचं चाक, त्यातला एक दाता गाळलेला. ती मोकळी जागा आली की कॉम्प्युटरला क्रँक कुठे आहे ते कळतं. चाक तीन मिमी पत्र्यातून लेझरवर कापलं, पुलीवर मेस्त्रींनी ०.०५ मध्ये धावेल असं बसवून दिलं. सेन्सर एक मिलिमीटरवर. दोन जुळ्या कॉइल, वेस्टेड स्पार्क, म्हणजे एक कॉइल दोन सिलिंडरांत एकदम ठिणगी पाडते. बोर्ड, सेन्सर, कॉइल, वायर, कनेक्टर: १७,५००.

लॅम्डा कंट्रोलर (एक्झॉस्टवरून हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण सांगणारा), बॉश एलएसयू ४.९ सेन्सरसकट, १५,५००. टर्बोपेक्षा फक्त हजारानं कमी. घरी हा आकडा सांगितलेला नाही.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारून, कडुनिंब खाऊन, शेजारपाजारच्यांना बोलावून, नारळ फोडून किल्ली फिरवली. इंजिन स्टार्टरवर गरागरा फिरलं आणि एकदा मागे फटाका मारून गप्प झालं. परत. परत. शेजारचे काका म्हणाले, "मुहूर्त तर साधला की." श्रीखंड खायला सगळे गेले.

३१ मार्च

रात्री साडेअकराला सुरू झालं.

चूक सेन्सरच्या दोन वायरींची होती, उलट्या लागलेल्या. चुंबकीय सेन्सरची वायर उलटी असली तरी तो सिग्नल देतोच, म्हणून आधी संशय आला नाही. पण सिग्नल शून्यातून जिथे झटकन खाली जायला हवा तिथे हळू जातो, आणि गाळलेल्या दात्याची जागा आरपीएमप्रमाणे सरकत राहते. लॅपटॉपवर दात्यांचा आलेख काढला तेव्हा मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना दाते वेडेवाकडे दिसले. वायर अदलाबदल, दुसऱ्या फिरकीत इंजिन चालू.

पिस्टन पूर्ण वर यायच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते दाखवणारा टायमिंग लाइट लावल्यावर आणखी एक कळलं. सॉफ्टवेअर १० अंश म्हणतंय, पुलीवर १८ दिसतंय. आठ अंशांची दुरुस्ती टाकली. हे न बघता कुणी बूस्टला गेला असता तर पिस्टन पहिल्याच फेरीत गेले असते. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, त्याला आपण चुकीचं सांगितलेलं असतं.

१३ एप्रिल

निळा धूर. थंड असताना नाही. दहा मिनिटं चालल्यावर, आयडलला. शेजारच्या गल्लीतून माणूस विचारायला आला.

टर्बोचं सील गेलं असं धरून चाललो आणि रिपेअर करणाऱ्याला पुण्याला फोन लावला. आवाज चढला होता माझा, हे कबूल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "साहेब, ड्रेनची नळी सरळ खाली जाते का?"

जात नाही. स्टॅबिलायझर रॉडच्या वळशाला नळीला पोट आलंय. टर्बोत तेल दाबानं जातं, पण बाहेर येताना फेसाळलेलं असतं आणि त्याला ढकलणारं काही नसतं, फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं. वाटेत पोट आलं की तेल तिथे तुंबतं, मागे चढतं आणि शाफ्टच्या कडेनं टर्बाइनमध्ये शिरतं. टर्बोची सीलं म्हणजे पिस्टन रिंगसारख्या कड्या. आत-बाहेरचा दाब नीट असेपर्यंत त्यांचा उपयोग. तुंबलेलं तेल त्या अडवू शकत नाहीत.

२० एप्रिल

चेंबर परत काढला. जुनी नळी कापून भोक बंद केलं. नवी १६ मिमी आतल्या व्यासाची, तेलाच्या पातळीच्या वर, ४० मिमी उंच आणि टर्बोच्या जवळजवळ सरळ खाली. त्यासाठी टर्बोचा मधला भाग हाउसिंगमध्ये बारा अंश फिरवून घेतला, तो फिरतो हे आधीच लक्षात यायला हवं होतं. तेलपाण्याच्या लाइनींचा आकडा ४,३०० वर गेला.

अर्धा तास आयडल, धूर नाही. पुण्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, महिन्याला दहा टर्बो असे परत येतात, त्यातले आठ चांगले असतात.

४ मे

मित्राच्या बंद पडलेल्या स्टोन क्रशरच्या आवारात, तीनशे मीटरचा सपाट पट्टा. वेस्टगेट दोरीनं उघडा बांधून, म्हणजे बूस्ट जवळजवळ शून्य. नुसतं पेट्रोल जुळवायचं.

इथे एक अडखळण सांगायला हवी. जुन्या सवयीनं १४.७ हा आकडा डोक्यात असतो: चौदा पॉइंट सात भाग हवा, एक भाग पेट्रोल. ते शुद्ध पेट्रोलचं. ई२० ला तो आकडा साडेतेराच्या आसपास येतो, कारण इथेनॉलच्या अंगात आधीच ऑक्सिजन आहे. ई२० ला खरोखर १४.७ भाग हवा दिली तर गाडी उपाशी चालणार. म्हणून मीटर लॅम्डावर केला. १.०० म्हणजे बरोबर, पेट्रोल कुठलंही असो. बूस्टला लक्ष्य ०.८२. इथेनॉलचा फायदाही आहे, तो बाष्प होताना हवा गार करतो आणि नॉकिंगला अडवतो. जुन्या गाडीवाले ई२० ला शिव्या घालतात. त्यांचं रबराबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण टर्बोवाल्यानं त्यांच्यात सामील होऊ नये.

प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, टाकले. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं. दुकानदारानं उलटेच काढून दिले होते. गॅप ०.७.

नॉकिंग ऐकायला फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या नळीचा तुकडा आणला. एक टोक ठोकून चपटं केलं, भोक पाडून ब्लॉकला बोल्ट केलं, दुसऱ्या टोकाला होज आणि फाउंड्रीतले कान झाकायचे मफ. दोनशे रुपयांत इंजिनाच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. टॅपेट, इंजेक्टरची टिकटिक, पाण्याचा पंप. नॉकिंगचा आवाज ओळखू कसा हा प्रश्न होता. मेस्त्री म्हणाले, आला की कळंल.

१७ मे

पुणे, डायनो. गाडी फ्लॅटबेडवर. वाहतूक ४,५००, डायनो ७,०००.

वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरला सरळ बूस्टची नळी, मध्ये काहीही नाही. स्प्रिंगवर ०.४ बार. पहिल्या तीन फेऱ्या चार हजारांपर्यंतच, लॅम्डा ०.७८ पासून हळूहळू आणत. चौथ्या फेरीत ३,८०० ला आरपीएम एकदम वर उडाले आणि आलेख खाली. मला वाटलं पेट्रोल कापलं गेलं. डायनोवाल्या पोरानं नुसतं नाक वर करून वास घेतला. क्लच. बावीस वर्षांचा, आजऱ्याच्या घाटात झिजलेला.

दिवस वाया, पैसे दिले, परत. कराडच्या पुढे पाऊस लागला.

७ जून

क्लच सेट नवीन, कंपनीच्याच ताकदीचा, ५,६००. रेसिंग क्लच घेतला नाही. त्यानं जोर गिअरबॉक्सवर जातो आणि एस्टीमचा गिअरबॉक्स माझ्याकडे एकच आहे.

२१ जून

परत डायनो, परत साडेअकरा हजार.

०.४ वर सगळं शांत. अ‍ॅक्च्युएटरचा रॉड दोन आटे आवळला, ०.५ आलं. कानाला मफ, हातात काही नाही, डोळे बंद. ४,२०० ला तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खडे टाकून एकदाच हलवावा तसा, बाकीच्या सगळ्या आवाजांच्या वर. मेस्त्रींचं खरं निघालं. मी हात वर केला, पोरानं थ्रॉटल सोडला. त्या जागेवर इग्निशन २२ अंश होतं, १९ केलं. परत फेरी, नाही. ३,६०० ते ४,६०० हा टापू सगळा दोन अंश मागे घेतला आणि वर हळूहळू वाढवत नेलं.

शेवटच्या तीन फेऱ्या सारख्या आल्या. चाकांवर ५,९०० ला ९२ हॉर्सपॉवर, ३,८०० ला १३७ न्यूटन मीटर. एक्झॉस्ट ८३० अंश. इंटरकूलरनंतरची हवा ५८. कागदावर ९३ मांडले होते.

पोरगा म्हणाला, "दादा, ०.८ करू या, एकशे वीस निघतील." तो खोटं बोलत नव्हता, निघालेही असते. मी लॅपटॉप बंद केला.

एक चुटपूट राहिली. टर्बोआधीचा आकडा नाही. रिंगा गेलेल्या इंजिनावर डायनो घेऊन काय करू, असं ऑक्टोबरात वाटलं होतं. रिंगा घातल्यावर, मॅनिफोल्ड चढवायच्या आधी घ्यायला हवा होता. आता किती वाढले हे विचारणाऱ्याला कंपनीचा क्रँकवरचा ८५ सांगावा लागतो आणि मग क्रँक आणि चाक यांतला फरक समजावून सांगावा लागतो, तोपर्यंत तो निघून जातो.

२९ जून

हिशेब. गाडी २८,०००. इंजिन २४,०००. टर्बो १६,५००. मॅनिफोल्ड ८,२००. तेलपाणी ४,३००. इंटरकूलर ७,४००. ईसीयू आणि वायरिंग १७,५००. इंजेक्टर ३,६००. लॅम्डा १५,५००. एक्झॉस्टचं तापमान मोजणारा थर्मोकपल आणि बूस्ट मीटर ३,२००. क्लच ५,६००. डायनो १४,०००, वाहतूक ९,०००. एकूण १,५६,८००. ठरवल्यापेक्षा ६,८०० जास्त. क्लच आधी तपासला असता तर पुण्याची एक खेप वाचून आत बसलो असतो, वर ४,७०० उरले असते.

लॅम्डा, थर्मोकपल, डायनो, वाहतूक यांची बेरीज मुद्दाम वेगळी केली: ४१,७००. यातला एकही रुपया ताकद वाढवत नाही. उद्यमनगरातल्या कट्ट्यावर हा आकडा सांगितला तर तिघे हसले. चौथ्याच्या गाडीचा तिसरा पिस्टन गेल्या वर्षी माझ्याच फाउंड्रीच्या भंगारात आला होता, काठ फुटलेला. तो हसला नाही.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर चारही प्लग काढले. चॉकलेटी, कोरडे, चिनीमातीवर काळे ठिपके नाहीत. कॉम्प्रेशन घेतलं: १७८, १७६, १७७, १७८. मेस्त्रींनी स्वतः मीटर धरला होता. तिसऱ्याचा आकडा त्यांनी परत घ्यायला लावला. परत १७७.

रेडिएटरचा पातळ पंखा आयडलला पुरत नाही, तो बदलायचा आहे. गाडीवर ताडपत्री टाकली.